इंजिनाच्या आवाजाआडचं जातं

पौष उतरणीला लागला की आमच्या नगरच्या हवेत एक कोरडा, दुधट वास उतरतो. शिवारात शाळूच्या कणसांत दूध भरलेलं असतं, बाजारात हुरड्याच्या टोपल्या येतात, कोपऱ्याकोपऱ्यावर कोणीतरी गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसून बसलेलं असतं. या वासानं कोणाला शेत आठवतं, कोणाला मामाचं गाव. मला जात्याचा खुंटा आठवतो. थंडगार, हातांनी गुळगुळीत झालेला, आणि त्याच्यावर एकाखाली एक धरलेले दोन हात.

यंदा हा वास जरा जास्तच आत शिरला, कारण यंदा माझ्या रक्तात साखर निघाली आहे. सांगणारा डॉक्टर माझ्या मुलाचा शाळासोबती. अर्ध्या चड्डीत माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं माझे बेसनाचे लाडू खाल्लेले आहेत, आणि आता पांढरा कोट घालून तोच मला म्हणतो, "काकू, लाडू बंद." मी म्हटलं, अरे, मी काही फार जाड नाही. तो म्हणाला, जाड नाही, पण जे आहे ते सगळं पोटावर आहे. मग त्यानं माझा दंड दोन बोटांत धरून दाबला, भाजीवाल्याकडे वांगं दाबतात तसा, आणि म्हणाला, "आणि इथं काहीच नाही."

पन्नाशी उलटलेल्या बाईला तिचा माल चुकीच्या खोलीत रचला गेलाय असं सांगायला मोठं धैर्य लागतं. सल्ला दिला तो चालण्याचा. म्हणून मी रोज सकाळी साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून भुईकोट किल्ल्याच्या रस्त्यानं निघते. पहिल्या दिवशी दूधवाल्यानं सायकल थांबवून काळजीनं विचारलं, "काकू, कोण आजारी आहे?" बाई माणूस सकाळी सकाळी भरभर चाललंय म्हणजे कुठंतरी दवाखान्यातच. मीच आजारी आहे, असं त्याला सांगितलं तेव्हा तो आणखी गोंधळला.

पण दंडावरची ती दोन बोटं काही जाईनात. "इथं काहीच नाही." हेच शब्द, अगदी हेच, मी याच गावात तीसेक वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हा दंड माझा नव्हता.

ते लढाईचे दिवस होते. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आमचे हे नगरला नोकरीला होते. लष्कराच्या माणसांनी नगर इतकं भरलं होतं की भाड्याची खोली मिळणं म्हणजे दुसरं लग्न जमवण्याइतकं अवघड. हे एका मित्राच्या खोलीत वळकटी टाकून राहायचे आणि मला ठेवलं होतं कर्जतच्या पुढच्या आमच्या गावी, थोरल्या दिरांकडे. खोली मिळेपर्यंत. ती मिळायला दिवाळीपासून शिमगा उजाडला. माझ्या सासरच्या गावी मी राहिले ती एवढीच. एक हिवाळा. पण आजही कोणी 'सासर' म्हटलं की मला नगरची नंतरची तीस वर्षं आठवत नाहीत, तो हिवाळा आठवतो.

थोरल्या दिरांना सगळं गाव आबा म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या घरात लेखणी चालवलेली, पण आबांचा जीव यंत्रात. त्यांनी घराच्या कडेला पत्र्याची खोली काढून पिठाची गिरणी घातली होती, तेलाच्या इंजिनावरची. आसपासच्या गावांत तशी दुसरी नव्हती. धुराड्याच्या तोंडावर त्यांनी एक डबा बसवला होता, त्यातून पुक्‌ पुक्‌ असा आवाज शिवारभर जायचा. तो ऐकला की बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. इंजिन चालवायला कासमभाई होते, मशिदीमागच्या आळीतले. अंगानं काटकुळे, पण त्या इंजिनाचं चाक असं फिरवायचे की जणू रुसलेल्या बैलाला उठवताहेत.

आणि आमच्या थोरल्या जाऊबाई. चाळिशीच्या, गोऱ्या, ठसठशीत, भरलेल्या. त्या काळी बाईच्या अंगावरचं मांस म्हणजे नवऱ्याच्या कर्तबगारीची पावती. आबांनी गिरणी घातली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जाऊबाई अशा काही सुटल्या की कासाराला बांगड्या भरताना साबण लावावा लागायचा. आबा कौतुकानं बघायचे. गिरणी येण्याआधी जाऊबाई आणि त्यांच्या दोन लेकी मिळून घरचं सगळं दळण जात्यावर दळत. लेकी सासरी गेल्या, जात्याला समोरचा हात उरला नाही, आणि शेजारी इंजिन पुक्‌पुकत होतं. जातं माजघराच्या कोपऱ्यात गेलं. त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या.

मी गेले तेव्हा जाऊबाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. गिरणीच्या पायरीवर ठेच लागली होती, श्रावणात. दिवाळी होऊन गेली तरी जखम ओलीच. हळद झाली, झाडपाल्याचा लेप झाला. शेवटी न्हाणीघराच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागलेली पाहिली आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, तेव्हा आबा घाबरले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून आम्ही तिघं नगरला आलो. चढ आला की मोटार दम खायची, उतारू उतरून ढकलायचे. आबा ढकलायला उतरायचे, मी घाबरून डोक्यावरचा पदर ओढायची, आणि जाऊबाई खिडकीपाशी बसून म्हणायच्या, "मी उतरले असते तर हिचं निम्मं ओझं कमी झालं असतं."

डॉक्टर म्हातारे होते, जाड भिंगांचे. त्यांनी एका काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात जाऊबाईंच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि शेवटी भाजक्या विटेचा रंग येऊन थांबला. इतकं देखणं आणि इतकं वाईट असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. सगळ्या मुलखाला साखर कंट्रोलवर मिळत होती आणि आमच्या जाऊबाईंच्या अंगातून ती उतू चालली होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. सुईचं औषध आहे, पण लढाईमुळे मिळेल न मिळेल, आणि मिळालं तरी तुमच्या गावात ते गार कुठं ठेवणार? गूळ-साखर बंद, भाकरी मोजकी, आणि अंग हलवायचं. पण पाय टेकवायचा नाही. जखम वर चढली तर पाय काढावा लागेल. शिमग्याला परत या, तोवर ती भरत आली पाहिजे.

आबांनी विचारलं, पाय टेकवायचा नाही तर अंग हलवायचं कसं? डॉक्टरांनी जाऊबाईंचा दंड दाबून पाहिला. "इथं काहीच नाही," ते म्हणाले. "बाई, पूर्वी दळत होता?"

जाऊबाईंचा चेहरा एकदम उजळला. माहेरी, मग इथं, किती दळलं ते त्या सांगू लागल्या. आबांना ते बरं वाटलं नाही. मध्येच म्हणाले, "आता तशी गरज नाही. आमची स्वतःची गिरणी आहे. इंजिनावरची."

डॉक्टरांनी भिंगांवरून आबांकडे पाहिलं. "हो ना. तीच दिसतेय."

मग बसल्या बसल्या पुन्हा जातं ओढायला सांगून त्यांनी कारण समजावलं. दंडाचं, पाठीचं मांस काम करतं आणि काम करताना साखर खातं. पोटावरची चरबी काम करत नाही, नुसती बसते, आणि साखरेची वाटही अडवते. परत येताना मोटारीत जाऊबाई स्वतःचाच दंड दाबून पाहत होत्या. मिरजगावच्या आसपास म्हणाल्या, "म्हणजे दंड हा घरातला गडी, आणि पोट हा घरजावई. बसून खातो आणि वर गड्यालाही जेवू देत नाही." मी पदरात तोंड खुपसून हसले. आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना हसू येत नव्हतं. त्यांच्या डोक्यात वेगळंच फिरत होतं, आणि ते घरी आल्यावर कळलं.

गिरणीवाल्याची बायको घरी जात्यावर दळते, हे गावाला कळलं तर? हलवायानं स्वतःच्या घरी शेजाऱ्याकडची मिठाई मागवावी तसंच ते. आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून त्यांनी तोड काढली, यंत्रवेड्या माणसाला शोभेलशी. जातं इंजिन चालू असतानाच फिरवायचं. माजघराची भिंत आणि गिरणीची भिंत एकच. पुक्‌पुकीच्या आवाजात घरघर कोणाला ऐकू जाणार?

एकच अडचण होती. इतकी वर्षं पडून राहिलेलं जातं टाकवून, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा खाचा पाडून घ्यायला हवं होतं, आणि टाकी लावणारी बाई अंगणात बसून छिन्नीनं दगड ठोकू लागली की तो आवाज पुक्‌पुकीतूनही आरपार जातो. शेजारणी डोकावल्या. जातं कशाला गं काकू? आणि जाऊबाईंनी, आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या बाईनं, घाईघाईत जे खोटं सुचलं ते सांगून टाकलं. म्हणाल्या, धाकटीला गिरणीचं पीठ पचत नाही.

माझं पोट, वाचकहो, तेव्हा दगड पचवील असं होतं. पण त्या दिवसापासून गावात माझी ओळख 'नाजूक पोटाची धाकटी काकू' अशी झाली. विहिरीवर मला बाजूला करून बाया माझी घागर भरून देऊ लागल्या. कोणी ओवा आणून दिला, कोणी हिंग. मी आजारी माणसाचा चेहरा करून तो घ्यायची आणि घरी येऊन तीन भाकरी खायची.

तरीही गिरणीवाल्याच्या घरातून रोज घरघर ऐकू जायला नको, ही आबांची अट कायमच होती. पहाटे कासमभाई इंजिन सुरू करायचे. आधी खोकल्यासारखा एक आवाज, मग पुक्‌… पुक्‌…, मग लय लागायची. ती लागली की जाऊबाई माजघरात जात्यापाशी बसायच्या, डावा पाय उशीवर ठेवून, उजवा दुमडून. मी समोर. खुंट्यावर वर त्यांचा हात, खाली माझा. वर मोठीचा हात असतो, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, कारण मी माहेरी दळण कधी केलं नव्हतं आणि उत्साहानं खुंट्याचं टोकच धरलं होतं. त्या डाव्या हातानं मूठभर शाळू तोंडात टाकायच्या, खुंटा त्यांच्याकडून माझ्याकडे यायचा, माझ्याकडून त्यांच्याकडे जायचा. पहिल्या आठवड्यात माझे हातच दुखले असं नाही, ज्या स्नायूंची मला ओळखही नव्हती त्यांनी येऊन आपापली नावं सांगितली. जाऊबाईंना तर घाम फुटायचा, श्वास लागायचा. पण थांबायच्या नाहीत. त्यांचा श्वास आणि इंजिनाचा श्वास एका ठेक्यात चालायचा.

जात्यावर ओव्या म्हणायच्या असतात. आम्ही एकही म्हटली नाही. चोरून दळणाऱ्याला गाणं कसं परवडणार? शिवाय जाऊबाईंना सूर असा नव्हताच. आम्ही कुजबुजत गप्पा मारल्या. पिठाच्या धुरळ्यात, चिमणीच्या पिवळ्या उजेडात त्यांनी मला सगळं घर समजावून दिलं. सासूबाई कशावरून चिडायच्या, यांच्याशी अबोला धरायचा असेल तर किती वेळ धरावा. जास्त धरला तर यांच्या लक्षात येतच नाही, असंही सांगितलं, आणि ते पुढं तीस वर्षं मला उपयोगी पडलं. एकदा मी विचारलं, पायाची भीती वाटते का? त्या खुंटा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पायाची नाही गं. थोरलीला दिवस गेलेत. बाळंतपणाला इथं येईल. एका पायाची आई तिच्यासाठी काय करणार? तिनंच माझं करायचं?" आणि जरा जोरात ओढ घेतली त्यांनी. माझा हात त्या ओढीबरोबर गेला.

इंजिन बंद होण्याआधी कासमभाई पान्यानं भिंतीवर दोनदा ठोकायचे. ठक्‌ठक्‌ ऐकलं की आमचे हात जागच्या जागी. पण कधीकधी इंजिनाला मध्येच उचकी लागायची, पान्याला वेळच मिळायचा नाही, आणि त्या एकाएकी पडलेल्या शांततेत आमच्या जात्याची घर्र एकटीच ऐकू यायची. तेव्हा जाऊबाई मोठ्यानं म्हणायच्या, "धाकटे, तुझं पोट फार गडगडतं बाई."

संक्रांत आली. हळदीकुंकवाला बाया आल्या, प्रत्येकीनं जाऊबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी हसून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. संध्याकाळी तो सगळा माझ्या पुढ्यात ओतला. मी तो मोठ्या कर्तव्यबुद्धीनं संपवला. त्याचंच फळ आता मिळतंय असं डॉक्टरला सांगितलं, तर तो म्हणाला, इतका उशीर लागत नाही काकू.

त्याच सुमारास कासार आला. बांगड्या भरायला त्याला साबण लागला नाही. मनगटावरून बांगड्या सहज वर सरकल्या, आणि दंडावरची चोळी मात्र पूर्वीइतकीच घट्ट होती. आतलं सामान बदललं होतं. आबा परसात गोठ्यामागं बसून दर दोन-चार दिवसांनी काचेची नळी दिव्यावर धरायचे. डॉक्टरांनी निळ्या पाण्याची बाटली दिली होती. आपल्या बायकोच्या लघवीकडे इतक्या भक्तीनं बघणारा दुसरा नवरा मी पाहिला नाही. विटेचा रंग नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा झाला. एक दिवस आबा नळी घेऊन माजघराच्या दारापर्यंत आले. घरात माझ्यासमोर ते सहसा यायचे नाहीत, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीसमोर येऊ नये अशी तेव्हाची रीत. दाराआडून हात फक्त आत आला. नळीत कोवळ्या हरभऱ्याचा हिरवा रंग होता. अंगठ्याच्या कडेनंही नवी कातडी धरू लागली होती.

आणि तेव्हाच गिरणी ओस पडायला लागली.

कासमभाईंच्या हलीमाबी एक दिवस मागच्या दारानं आल्या आणि जाऊबाईंना बाजूला घेऊन गावात काय चाललंय ते सांगितलं. विहिरीवर, पाणवठ्यावर एकच बोलणं: धाकट्या काकूला गिरणीचं पीठ पचत नाही. घरचंच माणूस ते. त्याला पचत नसेल तर पिठात काहीतरी असणारच. इंजिनाचं तेल उतरत असेल, लोखंड झिजत असेल. घरोघरी अडगळीत पडलेली जाती पुन्हा बाहेर निघाली. कासमभाई दोन दिवस घरीच बसले होते आणि हलीमाबींच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता गंमत बघा. गिऱ्हाईक नाही म्हणून इंजिन नाही. इंजिन नाही म्हणून आमचं दळण नाही. लढाईत तेल इतकं दुर्मीळ की नुसतं फिरवायला इंजिन लावणं शक्य नाही. सकाळच्या थंडीत आम्ही दोघी जात्यासमोर हात मांडीवर ठेवून बसायचो, आणि भिंतीपलीकडे शांतता. एवढी शांतता मी त्या गावात आधी ऐकली नव्हती. मी म्हटलं, हळूच फिरवू या का? जाऊबाई मान हलवायच्या. त्यांच्या नवऱ्याचा धंदा होता तो.

नळी पुन्हा पिवळी झाली. मग नारिंगी. चिंधीवर पुन्हा ओल दिसू लागली. त्या दिवशी आबा दाराशी आले नाहीत. मी मागच्या खिडकीतून पाहिलं, ते गोठ्यामागं नळी हातात धरून तसेच बसले होते, दिवा विझला तरी.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी गिरणीपुढं पाट्यांची रांग लागायची. त्या दिवशी बाया समोरच्या रस्त्यानं पाट्या घेऊन जात होत्या आणि गिरणीकडे न बघता जात होत्या. जाऊबाईंनी लुगडं नेसलं, कपाळ भरलं, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून टाचेवर चालत गिरणीच्या पायरीशी आल्या. हीच ती पायरी. तिच्यावर बसल्या. बाजारातून येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबल्या. गिरणीवाल्या काकू कधी अशा रस्त्याकडेला बसत नसत.

"ऐका गं," जाऊबाई म्हणाल्या. "धाकटीचं पोट चांगलं आहे. मी खोटं सांगितलं. दुखणं मला आहे. लघवीतून साखर जाते माझ्या. डॉक्टर पाय काढायचं म्हणतोय."

असलं बोलणं बाईनं बाईच्या कानात सांगायचं. त्या भर रस्त्यात सांगत होत्या. माझी मान खाली गेली होती. आत आबा इंजिनाचा पट्टा हातात घेऊन उभे होते, ते तसेच.

पुढं होती ती सरूबाई, रोजानं खुरपायला जाणारी, वाळलेल्या तुरकाठीसारखी. तिनं विचारलं, "गिरनीच्या पिठानं झालं म्हनायचं का मंग?"

"पिठानं नाही. गिरणी आली आणि मी बसले, त्यानं झालं. म्हणून डॉक्टरानं मला जातं दिलंय, औषध म्हणून. तू दिवसभर वाकतेस, पाणी ओढतेस, मोळी आणतेस. तुझ्या अंगाला वर आणखी जातं कशाला? तुला गिरणीच पाहिजे. मला जातं."

सरूबाईनं जाऊबाईंच्या पायाकडं पाहिलं, मग त्यांच्या पोटाकडं, मग स्वतःच्या हाताकडं. "आसं व्हय," ती म्हणाली. "म्हंजी ह्यो बसून खानाऱ्याचा रोग हाय."

"हो."

"मंग आमाला न्हाई व्हायचा." तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि डोक्यावरची पाटी गिरणीच्या वजनकाट्यावर ठेवली. "लाव रं कासमभाई, लई उशीर झाला."

खोकल्यासारखा तो आवाज आला, आणि मग पुक्‌… पुक्‌…

संध्याकाळी आबा एवढंच म्हणाले, "चारचौघांत सांगायची काय गरज होती तुला?" जाऊबाई म्हणाल्या, "गिरणी तुमची एकट्याची आहे का?" सकाळी उठले तर माजघरात जातं नव्हतं. आबांनी ते ओसरीवर नेऊन ठेवलं होतं, उघड्यावर, रस्त्यावरून दिसेल असं. स्वतः खांबाला टेकून धापा टाकत होते. जाऊबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही बसत जा थोडं खुंट्याला."

त्यानंतर शिमग्यापर्यंत आम्ही उजेडात दळलं. इंजिन चालू असो की बंद. गप्पा मोठ्यानं मारल्या. शाळूची सुगी घरात आली, नव्या ज्वारीचं पीठ जात्याच्या पाळूतून असं गरम, गोडसर झरायचं की मी बोटानं उचलून तसंच तोंडात टाकायची. जाऊबाई हात मारायच्या.

शिमग्याला नगरला गेलो. डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. निळं पाणी निळंच राहिलं, कडेला नुसती हिरवी झाक. चिंधी सोडली तेव्हा अंगठ्यावर गुलाबी, बाळाच्या कानासारखी कातडी होती. डॉक्टरांनी दंड दाबला आणि समाधानानं मान डोलावली. आणि दवाखान्याबाहेर आमचे हे उभे होते, हसत. खोली मिळाली होती. माझं सामान मागून येणार होतं, मला तिथंच ठेवून घेतलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? एकोणीस वर्षांची होते, स्वतःची चूल मिळणार होती. मोटार सुटायच्या वेळी जाऊबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी निरोपाला हात वर केला आणि सगळ्या बांगड्या खळ्ळकन कोपरापर्यंत घसरल्या. तेवढाच आवाज मला आठवतो. मोटार वळणावरून गेल्यावर लक्षात आलं, त्यांच्या जात्याला पुन्हा समोरचा हात नाही.

त्या एकट्याच दळत राहिल्या, असं पुढं ऐकलं. कधी लेक आली की लेक, कधी हलीमाबी. थोरलीची दोन्ही बाळंतपणं त्यांनी उभ्यानं केली. पुष्कळ वर्षांनी गेल्या, दुसऱ्याच कशानं तरी, आणि गेल्या तेव्हा दोन्ही पाय शाबूत होते. मी त्या मधल्या काळात गावी गेले की खुंट्याला हात लावायची, पण पाहुण्या बाईला कोण दळू देतं? चहा पी, म्हणायच्या. आणि मी चहा प्यायची.

परवा डॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. सफारी, बोटात अंगठी, पोट गुडघ्यांवर टेकलेलं. माझ्याकडे बघत बघत म्हणाले, "काकू ना तुमी? आमच्या गावच्या गिरनीवाल्या आबांच्या धाकट्या भावजय?" सरूबाईचा धाकटा मुलगा. शुगर फॅक्टरीत नोकरीला आहे. कशाला आलास, म्हटलं. लाजून हसला. आई हयात नाही हे बरं, असं काहीतरी पुटपुटला, आणि मग आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. सरूबाई काट्यावर पाटी ठेवताना किती खात्रीनं बोलली होती. आणि ती चुकली असंही नाही. तिचा हात चालत होता तोवर ते खरंच होतं.

गावचं घर आवरलं तेव्हा मी फक्त ते जातं मागितलं होतं. सगळे हसले होते. आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात ते तुळशीच्या कुंडीखाली पडलेलं होतं इतकी वर्षं. काल कुंडी उतरवली. धुतलं, पुसलं, दोन मुठी शाळू घेऊन बसले. बसले म्हणजे काय, एक गुडघा आधी बसला, दुसऱ्यानं थोडा विचार केला. दगडांना टाकी नाही, पीठ निघेल न निघेल. टाकी लावणारी बाई आता कुठं मिळते?

आमची सून मेधा कपडे वाळत घालायला गच्चीवर आली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आई, इतका खाली का धरलाय? वर सगळी जागा मोकळी आहे."

मी पाहिलं. खरंच, माझा हात खुंट्याच्या मुळाशी होता.

"वर मोठीचा हात असतो," मी म्हटलं.

"मग तुम्हीच मोठ्या ना आता."

बरोबर होतं तिचं. तिनं बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि समोर मांडी घालून बसली. मी हात वर सरकवीन म्हणून वाट पाहत राहिली. मी तिच्या हातापुरतीच वर सरकले, खाली जागा केली, आणि तिला म्हटलं, तू इथं धर. तिचा ओला, गार हात माझ्या हाताखाली आला.

आम्ही ओढ घेतली. जातं आधी नुसतं कुरकुरलं, मग फिरलं. वरची जागा तशीच होती.